तीस पानं, एक झाड

आमच्या रावेर बाजूला केळीच्या बागेत एक झाड पाहिलं की बाग पाहून झाली. ही फुशारकी नाही, रोजचा व्यवहार आहे. टिश्यूकल्चरची रोपं, सगळी एका आईची, एका दिवशी लावलेली. एकाला घड आला की मागची साडेपाच हजार पाठोपाठ निसवतात. पानांची तपासणी करायची असली की लॅबवाला सांगतो, ‘बागेत फिरून दहा ठिकाणची पानं आणा.’ आम्ही बांधालगतच्या एकाच झाडाची दहा नेतो. कारण आत शिरलं की चीक लागतो, आणि केळीचा डाग पडलेला शर्ट घेऊन गेलो तर बायको आधी शर्टाला आणि मग मला ओट्यावर बसवते. माझ्या वडिलांनी असंच केलं, मी असंच करतो, आणि आजवर एकाही लॅबला पत्ता लागलेला नाही.

हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे झालं त्यात माझा दोष किती आणि केळीचा किती, हे तुम्हाला नीट वाटून देता येईल.

माझी भाची, थोरल्या बहिणीची मुलगी, भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढली. त्या कॉलनीतली पोरं गाडीच्या भोंग्यावरून गाडी ओळखतात. हिला तेवढ्यावर भागलं नाही. ही सागावर पीएचडी करायला बसली. मी म्हटलं, “सागावर काय करायचंय? तो उभा राहतो, जाड होतो, मग दार होतो. झाली पीएचडी.”

“मामा, वरून सारखे दिसले तरी आतून एकेक झाड वेगळं असतं. किती वेगळं, ते मला मोजायचंय.”

“आणि मोजून?”

“कुठल्या जंगलाचं बी जपून ठेवायचं ते कळतं. सगळी झाडं एकाच रक्ताची झाली तर एक रोग आला की संपलं. तुमच्या बागेत व्हायरस आला होता, तेव्हा किती झाडं वाचली?”

मी चहात साखर कमी आहे असं सांगून विषय बदलला. त्या वर्षी बागेतलं फक्त ठिबक वाचलं होतं.

तिच्या प्रबंधात दोन जंगलं होती. एक सातपुड्यातलं, यावलच्या वरचं. तिथली पानं तिने स्वतः हिंडून गोळा केली. दुसरं धुळे जिल्ह्याच्या पार पश्चिमेला, साक्री ओलांडून पिंपळनेरच्या पुढच्या डोंगरातलं. दोघांची तुलना करायची, हाच प्रबंध. एक पाय काढला तर बाक जसा पडेल तसा तो पडणार. आणि नेमका दिवाळीनंतर दुसऱ्या जंगलाला निघायच्या आदल्या दिवशी तिला टायफॉइड झाला.

तिने मला बोलावून घेतलं. पलंगावर पडून, अंगावर दोन गोधड्या घेऊन मला शिकवणी दिली. तीस झाडं. एका झाडाचं एकच कोवळं पान. एक झाड झालं की शंभर पावलं चालायचं, मगच दुसरं, म्हणजे आई-लेकरं एकत्र येत नाहीत. पान पाकिटात टाकायचं, पाकिटात ओल शोषणारे निळे मणी असतात. वर नंबर. वहीत नंबरासमोर छातीच्या उंचीवर झाडाचा घेर. वनखात्याचं परवानगीपत्र सोबत. जागेची नोंद मोबाइलवर.

“समजलं ना, मामा?”

“अगं, मी पन्नास टन केळी दिल्लीला पाठवतो. तीस पानं मला जड आहेत का?”

पिकअप काढली. वेफर्सची चार पाकिटं, वांग्याचं भरीत, कळण्याच्या भाकरी आणि ठेचा, एवढं सामान घेऊन पहाटेच निघालो. ती पिकअप धुळ्यापर्यंत गाडी होती. साक्रीनंतर बैलगाडी झाली, आणि पिंपळनेरच्या पुढे घाटात मीच तिला हाताला धरून नेली असं म्हटलं तरी चालेल.

डोंगराच्या पायथ्याशी एक आबा राहत होते. वनखात्यात रोजाने काम करून म्हातारे झालेले, भाचीला आधीच्या एका खेपेत भेटलेले. अंगाने वाळलेली शेवग्याची शेंग. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मधे जरा जास्त वेळ थांबले.

“भाऊ, एवढं पोट लिसन डोंगर चढशी का?”

“आबा, पोट मागे राहील, मी पुढे जाईन.”

चढायला लागलो. आबा पुढे, मी मागे, आणि माझा श्वास आम्हा दोघांच्याही पुढे. आबा वाटेतल्या एकेका सागाची ओळख करून देत होते, लग्नात व्याह्यांची करून देतात तशी. “हाऊ देख. ह्यानं लाकूड रंध्याले दाद देत नही. हाई तठलं, पोयाना टाइमले फुलस. नी हाऊ येडा, दिवाईले पानं टाकी देस.” म्हणजे एक पोळ्याला फुलतो आणि एक दिवाळीलाच पानं गाळतो.

“आबा, साग तो साग. आमच्या केळीसारखाच. एक पाहिला की बठ्ठे पाहिले.”

आबा थांबले. “तुनी केळ तू लायी, म्हनीसन सारखी शे. हाई कोनी लायं? वारानी लायं, पानीनी लायं. आठे बठ्ठा न्यारा न्यारा शे.”

मी मान हलवली. मान हलवायला दम लागत नाही.

तेवढ्यात आबांना आठवलं की आज बाजार आहे. मिरच्या विकायच्या होत्या. “मी जाई येस. तू ह्या पट्टावरनी पानं लेत जाय,” म्हणाले आणि उतारावरून असे गेले की शेळीने लाजावं.

आता मी एकटा. समोर डोंगर. डोंगरावर साग. दोन सागांमध्ये शंभर पावलं, तीही उभ्या चढाची. तीस झाडं म्हणजे किती पावलं, हा हिशोब मी केला आणि खाली बसलो. बसलो तो एका सागाखाली. उतारामुळे त्याची एक फांदी नेमकी माझ्या खांद्याशी आलेली. त्याचंच सुपाएवढं पान तोडलं, त्यावर भरीत-भाकरी घेतली आणि जेवलो. वारा असा गोड की मंत्र्याच्या एसीने येऊन शिकावं. डोळा लागला.

उठलो तेव्हा ऊन कललं होतं आणि पाकिटं तीसच्या तीस रिकामी होती.

तुम्ही काय केलं असतं ते तुम्ही जाणा. मी केळीवाला. खांद्याशी फांदी होती. पहिलं पान खुडलं, पाकिटात टाकलं, वर लिहिलं एक. मग दोन. मग तीन. नंबर तर वेगवेगळे होते ना! सागाचं कोवळं पान चुरगळलं की लाल रंग सुटतो. तीस पानं होईपर्यंत माझी बोटं अशी झाली की पिंपळनेरच्या चौकीवरून जाताना मी दोन्ही हात स्टिअरिंगखाली धरले.

राहिली वही. तीस झाडांचे तीस घेर. एकाच झाडाचा घेर तीसदा लिहावा एवढा मी बेअक्कल नाही. डोळे मिटून बसलो आणि नात्यातला एकेक माणूस समोर आणला. मध्यम सागाचा घेर आणि आमच्याकडच्या मध्यम माणसाचा कमरेचा घेर यांत फारसा फरक नसतो, हा शोध त्या दिवशी लागला. पहिल्या नंबरला सासरे. दोन ते सहा, पाच मेहुणे. सात नंबरला आमचे सरपंच, तिथे टेप पुरेल का अशी मलाच शंका आली म्हणून जरा कमी लिहिलं. नात्यातले संपले तेव्हा सोसायटीचे संचालक घेतले. वही अशी सुरेख भरली की मलाच ती झाडं दिसायला लागली.

भुसावळला भाचीने विचारलं, “जागेची नोंद?”

“डोंगरात रेंज नव्हती.”

त्या नोंदीला रेंज लागत नाही हे तिला ठाऊक होतं, पण अंगात ताप होता. तिने पाकिटं छातीशी धरली आणि म्हणाली, “मामा, तुम्ही माझं वर्ष वाचवलंत.” मला जरा कसंतरी झालं. पण मी घरी आलो, केळी कापणीला आली होती, आणि कसंतरी होणं मागे पडलं.

जानेवारीच्या शेवटी तिचा फोन. आवाज असा की लग्न जमलं वाटावं.

“मामा, सर म्हणतात हे कुठेच झालेलं नाही! पिंपळनेरची तीसच्या तीस पानं अगदी एक निघाली. सरांना आधी वाटलं माझीच काही चूक. दोनदा करून पाहिलं. तरी तेच! सर म्हणतात, तो अख्खा डोंगर एकाच मुळावर उभा असणार. एक झाड तुटलं, त्याचे फुटवे पसरले, आणि हजार वर्षं तेच झाड डोंगरभर चालत राहिलं!”

माझ्या तोंडात शेव होती. ती तशीच राहिली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तेवढ्यात बहीण फोनवर आली, ती रडत होती, पाठोपाठ मेहुणे आले, त्यांनी पेढे आणले होते. रडणाऱ्या बहिणीला आणि पेढे आणलेल्या मेहुण्याला असलं काही फोनवर सांगणारा माणूस मी नाही. आणि खरं सांगू? गावात पारावर बसलो आणि चार लोक जमले, तेव्हा मलाच तो डोंगर खरा वाटायला लागला. मी सांगितलं, एका झाडाला कुऱ्हाड लावली तर सगळा डोंगर कण्हतो. सांगितलं, मुळं सापुताऱ्यापर्यंत गेलीत. एकाने विचारलं, “पान गळतं तेव्हा?” मी म्हटलं, “बठ्ठी एकदम गळतात. आवाजाने माणूस पळतो.”

बायको घरात म्हणाली, “कायले एवढे हवेत उडून राह्यले? तुम्ही पानंच तं तोडली.”

“एक पान तोडायलाही नजर लागते,” मी म्हटलं. पण रात्रीचं जेवण कमी गेलं.

पुढच्या आठवड्यात भाची लॅपटॉप घेऊन आली. धुळ्याला मोठी सभा होती, बाहेरगावचे जाणकार येणार होते, आणि ती उभी राहून हा शोध सांगणार होती. आधी मामाला दाखवायचा, असं तिने ठरवलेलं. पडद्यावर डोंगराचं चित्र, मग पट्ट्यापट्ट्यांचं काहीतरी, आणि मग एक आलेख आला. मधे टेकडीसारखा उंचवटा.

“हे काय गं?”

“झाडांचे घेर, मामा. तुम्ही मोजलेले. बघा, किती सुंदर विखुरलेत. आणि इथे मधे पाच झाडं एकाच मापाची, एका शेजारी एक. सर म्हणतात हे पाच एकाच वेळी फुटलेले कोंब असणार.”

ते माझे पाच मेहुणे होते.

ती पाचांवर बोट ठेवून मला समजावत होती, आणि मला त्या उंचवट्यात थोरला मेहुणा लग्नाच्या पंगतीत जिलेबी मागताना दिसत होता. उद्या ही पोरगी धुळ्याला दोनशे माणसांपुढे उभी राहून माझ्या सासऱ्याची कंबर सागाच्या नावावर खपवणार. आणि परवा कुणीतरी उठून पिंपळनेरला जाईल, दोन झाडांची दोन पानं आणेल, आणि लबाड कोण ठरेल? मी नाही. मला कोण ओळखतं? ती ठरेल.

“लॅपटॉप मीट,” मी म्हटलं. “ते कोंब नाहीत. तुझे मामेसासरे... म्हणजे माझे मेहुणे आहेत.” तोंडातून शब्दसुद्धा धड येईनात. मग सगळं सांगितलं. बाजार, वारा, फांदी, भरीत.

तिने एवढंच विचारलं, “तीस पानं एकाच झाडाची?”

“एकतीस. एकावर जेवलो.”

मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं होतं. तिने लॅपटॉपचं झाकण मिटलं. मग म्हणाली, “मामा, लोक चुकतात. पण ह्या कामात चूक आणि खोटेपणा बाहेरून एकसारखेच दिसतात. सर माझ्यावर विश्वास ठेवून चार जणांना सांगून बसलेत.”

मी म्हटलं, “मी बोलतो सरांशी.”

“तुम्ही आता काहीच बोलू नका.”

तिने माझ्यासमोर फोन लावला आणि सांगितलं. मामाचं नाव न घेता, “माझ्याकडून नमुने चुकीचे गोळा झाले,” असं. बिचाऱ्या सरांचा हजार वर्षांचा साग एका वाक्यात आडवा झाला होता. मग म्हणाले, सभेतून नाव काढतो. परवानगीपत्राची मुदत दोन दिवसांत संपते. तेवढ्यात हिरवी पानं मिळाली तर ठीक, नाहीतर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांब. फेब्रुवारीत सागाला पान कुठलं?

म्हणजे पोरीचं वर्ष गेलं. मी पिकअपची किल्ली घेतली, भाचीने पाकिटं घेतली.

आबांच्या दारात पोचलो तेव्हा बातमी आधीच पोचली होती, कुठून ते देव जाणे. म्हातारा रागाने थरथरत होता. “मना डोंगरवर एकच झाड? तू हाई सांगं? मंग मी साठ वरीस काय देखत व्हतू?”

“आबा, चुकलो.”

“चुकना नही. तू झोपना,” आबा म्हणाले आणि भाचीकडे वळले. “चाल, बेटी. ह्याले मांगे येऊ दे.”

वर गेलो आणि मी उभाच राहिलो. पारावर मी सांगितलेलं की सगळी पानं एकदम गळतात. इथे एक साग पार उघडा, नुसता सांगाडा. त्याच्यापासून शंभर पावलांवर दुसरा, हिरवागार, जणू श्रावण आहे. तिसरा अर्धा पिवळा. माती तीच, पाऊस तोच, ऊन तेच. माझ्या बागेत असं झालं असतं तर मी औषधवाल्याला फोन केला असता. इथे कुणी आजारी नव्हतं. जो तो आपापल्या स्वभावाने उभा होता.

“हाऊ होयीलगुन पान सोडत नही,” आबा म्हणाले, म्हणजे होळीपर्यंत. “कंजूस शे.”

मी म्हटलं, “मग काय, असे कंजूसच तीस शोधू.”

“नाही, मामा,” भाची म्हणाली. त्या दिवसातला तिचा मला उद्देशून पहिला शब्द. “फक्त उशिरा गळणारे घेतले तर पुन्हा एकाच जातीची माणसं मोजल्यासारखं होईल. उघडेही हवेत.”

उघड्यांचं पान कुठून आणायचं? आबांनी वाकून बुंध्याशी पाचोळा बाजूला केला. खाली बोटभर कोंब, दोन पानं, हिरवी. अशी बारा झाडं वाकून केली. पावलं मोजायचं काम माझ्याकडे होतं. पंचाऐंशीला मी शंभर म्हणून पाहिलं, आबांनी वळूनही न बघता म्हटलं, “आखो पंधरा.” टेप मीच धरला. काही झाडांचे घेर सरपंचांहून जास्त निघाले. मी होते तेवढेच लिहिले.

एकोणतीस झाली तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. पत्राचा शेवटचा दिवस. आबा एका जुन्या सागाशी थांबले. उघडा, खाली कोंब नाही, अगदी शेंड्याला चार हिरवी पानं.

“हाऊ घे. हाऊ बठ्ठासमा न्यारा.”

भाचीने वर पाहिलं आणि चपला काढल्या. मी म्हटलं, थांब. लहानपणी ज्वारीवरचे पोपट मी गोफणीने उडवायचो. आबांकडे गोफण होती. पहिला धोंडा गुजरातेत पडला. दुसऱ्याने एक घुबड झोपेतून उठलं. पाचवा खाली पिकअपच्या दिशेने गेला आणि काच फुटल्याचा आवाज आला, तिघांनीही तो ऐकला नाही असं दाखवलं. नववा लागला. फांदी मोडली, पान गिरक्या घेत खाली आलं, आणि भाचीने ते जमिनीला लागायच्या आत झेललं. आबा हसले. माझ्याकडे बघून नाही, पानाकडे बघून. तरी मी ते माझ्या खात्यात धरलं.

परत येताना पुढची काच नव्हती. साक्री ते धुळे मी इतकी चिलटं खाल्ली की घरी जेवण लागलं नाही. भाची पाकिटांचा डबा मांडीवर धरून बसली होती. पारोळ्याच्या अलीकडे म्हणाली, “मामा, तोंड मिटून चालवा.” त्यावरून कळलं की बोलायला लागली.

निकाल तीन महिन्यांनी आला. तीस पानं, तीस वेगळी. सर म्हणाले, अपेक्षेप्रमाणे. दोन जंगलांचा प्रबंध पुन्हा दोन पायांवर उभा राहिला. आबांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते मिरच्या निवडत होते. म्हणाले, “एवढं सांगाले तू एवढा लांब उना?”

परवा प्रबंध छापून बांधून आला. भाचीने तो माझ्यापुढे ठेवून एका पानावर बोट ठेवलं. इंग्रजीत होतं. मी म्हटलं, वाचून दाखव.

“पहिला संच गोळा करताना चूक झाल्याने रद्द करण्यात आला.”

“म्हणजे मी?”

“म्हणजे तुम्ही.”

आमच्या सात पिढ्यांत पुस्तकात छापून आलेला मी पहिला. मी म्हटलं, “अगं, मग नाव तरी घालायचंस.”

“मामा,” ती म्हणाली, “घातलं नाही, हेच उपकार समजा.”